डेंग्यूच्या तापात रक्ताचा अहवाल कसा वाचावा

डेंग्यूच्या रुग्णाची विचारपूस करावयास आलेला मनुष्य पहिला प्रश्न विचारतो तो एकच : "प्लेटलेट किती आहेत?" नाशिक शहरात सिडको-सातपूरच्या कामगार वसाहतींपासून पंचवटी-नाशिकरोडपर्यंत पावसाळ्याच्या उत्तरार्धात हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. आकडा दीड लाखाच्या खाली गेला की घरात धावपळ सुरू होते. पन्नास हजारांच्या खाली गेला की नातेवाईक रक्तपेढ्यांना दूरध्वनी करू लागतात; कोणी पपईच्या पानांचा रस घेऊन येतो, कोणी बकरीच्या दुधासाठी गावाकडे माणूस धाडतो. मग एके सकाळी ताप उतरतो आणि सारे निर्धास्त होतात. वस्तुतः सर्वाधिक सावध राहण्याची घटका तीच असते. आपण घाबरतो ते चुकीच्या आकड्याला, आणि निर्धास्त होतो ते चुकीच्या दिवशी.

प्रस्तुत लेखक वैद्य नाही, इतिहासाचा शिक्षक आहे. तथापि निवासी विद्यालयात काम करणाऱ्या शिक्षकाला या विषयापासून दूर राहता येत नाही. आपल्याकडील अनेक मुलांचे आईवडील ऊसतोडणीला, बांधकामावर किंवा द्राक्षबागांच्या छाटणीला गेलेले असतात. मूल तापाने फणफणले असता प्रयोगशाळेचा कागद प्रथम हाती पडतो तो वसतिगृह अधीक्षकांच्या वा वर्गशिक्षकांच्या. औषधोपचाराचा निर्णय डॉक्टरांचाच. त्यात आपण पडू नये. परंतु मुलाला दवाखान्यात केव्हा न्यावे, घरी पाठवल्यावर पुन्हा केव्हा आणावे, डॉक्टरांना नेमके काय सांगावे, एवढे तरी मुलाजवळ असणाऱ्या माणसाला कळले पाहिजे. पालकांनाही ते कळावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडा इतिहास, कारण तो येथे निव्वळ शोभेचा नाही. १८७१-७२ च्या सुमारास झांझिबार व एडन या मार्गाने एक तापाची साथ मुंबई-कोलकात्यापर्यंत पोहोचली. अंग मोडून काढणारा, सांध्यांना जखडणारा हा ताप तत्कालीन कागदपत्रांत 'डेंग्यू' या नावानेच नोंदला गेला. आजचे काही अभ्यासक मात्र वर्णनांवरून ती साथ चिकुनगुन्याची असावी असे मानतात. दोन्ही ताप एकाच जातीच्या डासामुळे पसरतात आणि दोन्हींत हाडे मोडल्यासारखी दुखतात. केवळ लक्षणांच्या वर्णनावरून निवाडा करणे कठीण. कागद होते, साक्षीदार होते, पण रक्त तपासण्याचे साधन नव्हते. आपल्याजवळ ते आहे, आणि अगदी साध्या स्वरूपात आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास या रोगाने नवे रूप धारण केले. १९५३-५४ मध्ये मनिला येथे आणि १९५८ मध्ये बँकॉक येथे लहान मुलांत रक्तस्राव व मूर्च्छा यांसह येणारा गंभीर डेंग्यू आढळला. बँकॉकच्या बालरुग्णालयातील डॉ. सुचित्रा निम्मानित्य यांनी १९६० च्या दशकात अशा मुलांचा बारकाईने अभ्यास केला. या मुलांच्या मृत्यूचे मुख्य कारण वरवर दिसणारा रक्तस्राव नसून रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपणे हे आहे, आणि ते झिरपणे रक्ताच्या साध्या तपासणीत आधीच दिसू लागते, हे या कामातून स्पष्ट होत गेले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांचा आधार बँकॉकचा हाच अनुभव होता. गंभीर डेंग्यूवर आजही खास औषध नाही. तरीही वेळेवर निदान आणि नीट देखरेख झाली तर गंभीर रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण शेकडा एकच्याही खाली आणता येते. औषधाविना एवढा फरक पडतो तो देखरेखीमुळे, आणि त्या देखरेखीचा कणा म्हणजे दररोजची साधी रक्ततपासणी.

आता रोगाची चाल पाहू. तिचे तीन टप्पे आहेत. पहिला तापाचा, तो दोन ते सात दिवस चालतो. दुसरा धोक्याचा, बहुधा आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरण्याच्या सुमारास तो सुरू होतो आणि २४ ते ४८ तास टिकतो. तिसरा सुधारण्याचा, त्यात बाहेर झिरपलेला द्रव दोन-तीन दिवसांत रक्तात परत येतो. सर्वच रुग्णांत दुसरा टप्पा बिकट होत नाही. बहुसंख्य लोक साध्या विश्रांतीने व भरपूर पातळ पदार्थांनी बरे होतात. कोणाचा बिकट होणार, हे पहिल्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. म्हणूनच दिवस मोजावे लागतात. ताप कोणत्या तारखेला, साधारण किती वाजता सुरू झाला, ही नोंद प्रयोगशाळेच्या कोणत्याही आकड्याइतकीच मोलाची आहे. तिथी नसलेला शिलालेख हाती आला की इतिहासकाराची जी अडचण होते, तीच आजाराचा दिवस न लिहिलेल्या अहवालाने डॉक्टरांची होते.

या तपासणीला सर्वत्र 'सी.बी.सी.' म्हणतात. जांभळ्या टोपणाच्या छोट्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त घेतले जाते आणि यंत्र काही मिनिटांत पेशी मोजून देते. कागदावर वीसेक ओळी छापून येतात; आपल्याला त्यांतील चारच पाहावयाच्या आहेत : हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि 'पी.सी.व्ही.' अर्थात हिमॅटोक्रिट. या शेवटच्या ओळीकडे कोणी पाहत नाही, आणि डेंग्यूत खरी बातमी बहुधा तिथेच असते.

पी.सी.व्ही. म्हणजे रक्ताच्या शंभर भागांत तांबड्या पेशींचा वाटा किती. ३६ असे लिहिले असेल तर शंभर भागांपैकी ३६ भाग पेशी आणि उरलेला बहुतेक भाग रक्तद्रव. मॅक्सवेल विन्ट्रोब या वैद्यकाने १९२९ मध्ये यासाठी खुणा केलेली काचनळी प्रचारात आणली. आजही रक्ताने भरलेली बारीक काचनळी यंत्रात पाचेक मिनिटे वेगाने फिरवली की पेशी तळाशी बसतात आणि हा आकडा पट्टीवर मोजता येतो. ढोबळमानाने तो हिमोग्लोबिनच्या तिप्पट असतो.

डेंग्यूत रक्तवाहिन्यांच्या भिंती काही काळ सच्छिद्र होतात. दही फडक्यात बांधून टांगले की पाणी निथळते आणि आत चक्का घट्ट होत जातो. येथेही तसेच होते. द्रव पोटात व छातीच्या पोकळीत झिरपतो, पेशी आत राहतात, रक्त दाट होते. त्यामुळे पी.सी.व्ही. वाढतो. मूळ आकड्याच्या एकपंचमांश, म्हणजे शेकडा वीस इतकी वाढ झाली तर गळती लक्षणीय आहे असे समजतात. या अवस्थेत पुरेसा द्रव न मिळाल्यास नाडी क्षीण होते, हातपाय गार पडतात आणि रुग्ण आघाताच्या अवस्थेत जातो. तोवर तो शुद्धीवर असतो, बोलतो, उठून बसतो. पाहणाऱ्याला वाटते, ताप गेला, बरे झाले.

हे आकडे एकत्र कसे वाचावयाचे, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. तेरा वर्षांचा एक विद्यार्थी घ्या. निरोगी असताना त्याचा पी.सी.व्ही. ३५ होता. तापाच्या दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशी ६,२००, प्लेटलेट २,१०,००० आणि पी.सी.व्ही. ३६ आला. सारे ठीक दिसते. घरातील माणसे म्हणतात, डेंग्यू नाहीच. पण दुसऱ्या दिवसाचा अहवाल काहीच नाकारत नाही. चौथ्या दिवशी पांढऱ्या पेशी २,९००, प्लेटलेट १,१०,०००, पी.सी.व्ही. ३८. डेंग्यूत बहुधा प्रथम घटतात त्या पांढऱ्या पेशी. त्या ५,००० च्या खाली आल्या की पुढील दिवसाभरात ताप उतरण्याचा आणि धोक्याचा टप्पा सुरू होण्याचा संभव असतो. हा रोगानेच दिलेला पूर्वसंकेत. पाचव्या दिवशी ताप नाही, मुलगा थकलेला पण शांत, प्लेटलेट ६२,००० आणि पी.सी.व्ही. ४३. घरच्यांचे लक्ष ६२,००० कडे; जाणत्या डॉक्टरांचे ४३ कडे. पस्तिसाचा एकपंचमांश सात; म्हणजे ४२ ही सीमा ओलांडली गेली आहे. हा मुलगा या घटकेला रुग्णालयातच असला पाहिजे.

आता सातव्या दिवशी पाहा. पांढऱ्या पेशी ४,८००, प्लेटलेट ४८,०००, पी.सी.व्ही. ३६. प्लेटलेट पूर्वीपेक्षाही खाली! येथे पालक हवालदिल होतात. परंतु मुलगा जेवण मागतो आहे, लघवी भरपूर होते आहे, पांढऱ्या पेशी चढू लागल्या आहेत आणि पी.सी.व्ही. मूळ जागी परतला आहे. हा सुधारणारा रुग्ण आहे. प्लेटलेट सर्वांत उशिरा सावरतात. त्या एकदोन दिवसांत आपोआप वर येतात. उलट, ९०,००० प्लेटलेट असलेला, पण पोट दुखत असलेला, सारखा उलट्या करणारा आणि पी.सी.व्ही. झपाट्याने वाढलेला दुसरा मुलगा याच्यापेक्षा अधिक धोक्यात असतो.

पी.सी.व्ही. खाली येणे हे मात्र नेहमीच शुभलक्षण नव्हे. नाडी जलद, रुग्ण अस्वस्थ, हातपाय गार, आणि आकडा ४० वरून ३१ वर आला, तर शरीरात कोठेतरी रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. काळसर शौच हे त्याचे बाह्य चिन्ह. अशा वेळी आकडा उतरला म्हणून समाधान मानणे घातक ठरते. तेव्हा आकडा आणि मुलाची अवस्था ही एकमेकांशेजारी ठेवूनच वाचावी लागतात.

एक मुद्दा मला विशेष आग्रहाने मांडावयाचा आहे, कारण तो आपल्याच मुलांसंबंधी आहे. प्रयोगशाळेच्या कागदावर प्रत्येक आकड्यासमोर 'सामान्य मर्यादा' छापलेली असते. ती मर्यादा पोटभर खाणाऱ्या निरोगी माणसाची असते. आपल्या वसतिगृहांत वस्त्या-पाड्यांवरून, पेठ-सुरगाण्याकडून, शेतमजुरांच्या घरांतून मुले-मुली येतात. किशोरवयीन मुलींत रक्तक्षय सर्रास आढळतो; आदिवासी भागांत काही मुलांना सिकलसेलचाही आजार असतो. अशा एखाद्या मुलीचा मूळ पी.सी.व्ही. ३० असेल आणि डेंग्यूच्या पाचव्या दिवशी तो ३६ झाला, तर कागदावर तो सामान्य मर्यादेत किंवा तिच्या अगदी जवळ दिसेल. त्याखाली लाल रेघ येणार नाही, ठळक अक्षर येणार नाही. प्रत्यक्षात तिच्या रक्तातील द्रव तितकाच गळालेला आहे, जितका ४० वरून ४८ वर गेलेल्या धडधाकट तरुणाचा. त्या तरुणाच्या आकड्यापुढे यंत्र खूण करील. या मुलीच्या आकड्यापुढे करणार नाही. गरिबीने आधीच पातळ केलेले रक्त दाट झाले, तरी ते कागदावर निरोगी दिसते. यावर उपाय एकच : तिचा निरोगी अवस्थेतील आकडा आपल्यापाशी लिहिलेला असणे. तो नसेल तर तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत घेतलेल्या तपासणीचा आकडा पायाभूत धरतात. म्हणून पहिली तपासणी लवकर करून घेणे व्यर्थ नसते, जरी तिच्यात सारे ठीक दिसले तरी.

प्लेटलेट बाहेरून चढवण्याविषयीही गैरसमज दाट आहेत. रक्तस्राव नसताना केवळ आकडा घटला म्हणून प्लेटलेट देण्याचा लाभ होतो काय, याची तपासणी सिंगापूर व मलेशिया येथील रुग्णालयांत ३७२ प्रौढ रुग्णांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. या सर्वांच्या प्लेटलेट २०,००० वा त्याहून कमी होत्या. ज्यांना प्लेटलेट दिल्या त्यांच्यात रक्तस्राव काही कमी झाला नाही. उलट अंगावर पित्त उठणे यांसारखे त्रास त्यांच्यात अधिक आढळले. आकडा फारच खाली गेला, साधारण १०,००० च्या आत, किंवा प्रत्यक्ष रक्तस्राव होत असेल, तर डॉक्टर प्लेटलेटचा विचार करतात. पन्नास हजारांवर असलेल्या, रक्तस्राव नसलेल्या मुलासाठी चार पिशव्यांची धावाधाव करणाऱ्या नातेवाइकांची तळमळ खरी असते, पण तिचा उपयोग मुलाला दर घटकाभराने दोन घोट पाणी पाजण्यात अधिक झाला असता. पपईच्या पानांचा रस, बकरीचे दूध, महागडी किवी फळे यांवर विसंबून रुग्णालयात जाण्यास विलंब करणे तर सर्वथा अनुचित. कडू रसाने उलट्या झाल्या तर शरीरातील द्रव आणखी घटतो, ही साधी गोष्टही उत्साहाच्या भरात विसरली जाते.

कागद वाचताना काही किरकोळ वाटणाऱ्या बाबी ध्यानात ठेवाव्यात. काही प्रयोगशाळा प्लेटलेट '१.२ लाख' अशा लिहितात, काही '१२०' अशा. दुसऱ्या पद्धतीत आकडा हजारांत असतो. '८५' पाहून कोणाच्या पायाखालची जमीन सरकण्यापूर्वी एकक पाहावे. ते ८५,००० आहेत. नळीतील औषधामुळे कधी कधी प्लेटलेट एकमेकींना चिकटतात व यंत्राला कमी दिसतात. आकडा अचानक कोसळला आणि मूल मात्र ठणठणीत असेल, तर काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची विनंती डॉक्टरांना करता येते. यंत्रायंत्रांत थोडा फरक पडतो, म्हणून शक्यतो रोज एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी. आणि प्रत्येक कागदावर रक्त घेतल्याची वेळ असावी. सकाळचा अहवाल संध्याकाळी दाखवणे म्हणजे जुने वर्तमानपत्र दाखवणे होय.

डेंग्यू आहे की नाही हे ठरवणाऱ्या चाचण्या वेगळ्या, हेही स्पष्ट असावे. पहिल्या पाच दिवसांत विषाणूचा अंश शोधणारी 'एनएस-१' चाचणी उपयोगी पडते. पाचव्या दिवसानंतर 'आयजीएम' ही प्रतिपिंडांची चाचणी. घटकाभरात उत्तर देणारी पट्टी सकारात्मक आली तरी शासकीय नोंदीत रुग्ण 'निश्चित' ठरतो तो 'एलायझा' पद्धतीच्या चाचणीनंतर. त्यासाठी लागणारे आयजीएम संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था तयार करते. खासगी दवाखान्यांतील आकडे आणि महापालिकेचे आकडे जुळत नाहीत, त्याचे एक कारण हे आहे. परंतु या चाचण्या एकदाच करावयाच्या. त्या रोगाचे नाव सांगतात, रुग्णाची स्थिती नव्हे. नाव निश्चित होण्याची वाट पाहत सी.बी.सी. लांबवू नये. तिसऱ्या दिवसापासून, औषधाशिवाय ताप उतरून एकदोन दिवस होईपर्यंत ती रोज व्हावी. धोक्याच्या टप्प्यात रुग्णालयात पी.सी.व्ही. दर चार-सहा तासांनीही पाहतात.

खर्चाचा प्रश्न उरतो, आणि तो आपल्या पालकांसाठी लहान नाही. रोजच्या तपासणीचे पैसे व बुडालेली मजुरी यांची बेरीज डोळ्यांपुढे आल्याने दुसरी तपासणी टाळणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क केले आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून नाशिकच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत ही सोय लागू आहे. ती उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून मागावी. केंद्रावर आज रक्त घेणारा नाही असे उत्तर मिळाले, तर उद्यापर्यंत थांबण्याऐवजी त्याच दिवशी वरच्या रुग्णालयात जावे. डेंग्यूत एक दिवस म्हणजे अर्धा टप्पा असतो.

वसतिगृहात करावयाचे काम साधेच आहे. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन वा तत्सम वेदनाशामके नकोत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. जलसंजीवनी, भाताची पेज, ताक, नारळपाणी, वरणाचे पाणी थोडे थोडे सतत द्यावे. नुसत्या साध्या पाण्यावर ठेवू नये. मूल दर चार-सहा तासांनी लघवीला जाते की नाही, हे विचारून लिहावे. मुले हे सांगण्यास संकोचतात, मुली अधिकच. पण रात्री लघवी झालेली नाही ही बातमी सकाळच्या प्लेटलेटच्या आकड्याहून महत्त्वाची ठरू शकते. पोटात तीव्र दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळे शौच, विलक्षण सुस्ती किंवा बेचैनी, गार हातपाय यांपैकी काहीही दिसले तर अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. विशेषतः ताप उतरल्यानंतर हे दिसले तर. रुग्णाला पहिल्या पाचसहा दिवसांत दिवसाही मच्छरदाणीत ठेवावे, कारण हा डास दिवसा चावतो आणि रुग्णाचे रक्त शोषून विषाणू शेजारच्या खाटेवर नेतो.

शिरेतून दिल्या जाणाऱ्या सलाइनबद्दलही एक वाक्य लिहितो. धोक्याचा टप्पा संपल्यावर झिरपलेला द्रव रक्तात परत येतो; त्या वेळी सलाइन तसेच चालू राहिले तर द्रव अधिक होऊन श्वास लागतो. "अशक्त दिसतोय, एक बाटली आणखी लावा" असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. पी.सी.व्ही. केव्हा उतरला हे पाहून डॉक्टर सलाइन कमी करतात. त्यांना ते करू द्यावे.

दर वर्षी जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी मुलांची आरोग्य तपासणी होतेच. तिच्यात सी.बी.सी. समाविष्ट करावी आणि वसतिगृहाच्या नोंदवहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे दिनांक, हिमोग्लोबिन व पी.सी.व्ही. असे तीन रकाने आखावेत. हिमोग्लोबिन कमी आढळलेल्या मुलामुलींना लोहाच्या गोळ्या सुरू होतील, हा लाभ वेगळाच. त्याच पानावर पुढे तापाच्या दिवसांसाठी रकाने सोडावेत : आजाराचा कितवा दिवस, रक्त घेतल्याची वेळ, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, पी.सी.व्ही., लघवी किती वेळा. मूल रुग्णालयात जाईल तेव्हा ही वही त्याच्यासोबत जावी; अधीक्षक स्वतः गेले नाहीत तरी चालेल, वही गेली पाहिजे.